टीपी स्कीममध्ये जमीन दिली, त्याची हकीकत

पुण्याच्या कडेच्या गावांत घरं आधी येतात आणि रस्ता, पाणी, ड्रेनेज मागाहून. २०१७ च्या ऑक्टोबरात ११ गावं महापालिकेत आली, २०२१ च्या जूनअखेरीस आणखी २३ आली, शहराचं क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेलं. हद्द कागदावर एका दिवसात वाढते. जमिनीखालचे पाइप टाकायला वर्षं लागतात आणि पैसा लागतो. तो पैसा कुणी द्यायचा, कधी द्यायचा आणि तो कुठे खर्च व्हायचा, हे मला आमच्याच जमिनीमुळे शिकावं लागलं.

मी या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना आहे. अशाच एका गावात आम्ही फ्लॅट घेतला. तिथून जवळच माझं माहेर. वडिलांच्या पश्चात तिथल्या सातबाऱ्यावर दादा, मी आणि धाकटी बहीण अशी तिघांची नावं आहेत. माहेरच्या शिवारावर नगररचना योजना लागली, म्हणजे सगळ्यांची जमीन एकत्र धरून तिच्यातून रस्ते-बागांची जागा काढायची आणि उरलेली ज्याची त्याला परत द्यायची अशी योजना, जिला सगळे 'टीपी' म्हणतात, तेव्हा कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी अकाउंट्समध्ये नोकरी करते, त्यामुळे रकान्यांची भीती वाटत नाही एवढंच. योजना करायचा इरादा जाहीर होण्यापासून लवादापुढच्या, म्हणजे योजनेचे निवाडे करायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढच्या, सुनावणीपर्यंत जे पाहिलं ते लिहितेय. ज्यांच्या शिवारावर उद्या टीपी लागेल त्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल.

आधी फ्लॅटचं सांगते, कारण माझं मत तिथेच तयार झालं. पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के भरावं लागतं. त्यातले ५ टक्के मूळ शुल्काचे, १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, आणि २०२२ च्या एप्रिलपासून १ टक्का मेट्रोचा. बिल्डरने बांधकाम परवानगी घेताना विकास शुल्क भरलेलं असतं. ते १९९२ पासून नगररचनेच्या कायद्यात आहे, रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या, दराला बांधलेलं आहे, आणि शेवटी फ्लॅटच्या किमतीतून ते आपल्याच खिशातून जातं. वर दरवर्षी मिळकतकर. एवढं सगळं भरून आमच्या सोसायटीत पाणी टँकरचं. सकाळी उजाडायच्या आत पहिला टँकर गेटवर उभा राहतो. वॉचमन चलनावर सही करतो, ड्रायव्हर जाड निळा पाइप खालच्या टाकीत सोडतो, १० हजार लिटर पाणी अर्ध्या तासात उतरतं आणि मागे दुसरा टँकर हॉर्न वाजवत असतो. महापालिकेचं पाणी येईपर्यंत बिल्डर स्वखर्चाने पाणी पुरवेल असं हमीपत्र बांधकामाच्या फायलीत आहे. सोसायटी आमच्या ताब्यात आली आणि तो खर्च आमच्या मेंटेनन्सवर आला.

मी भरलेला तो एक-एक टक्का कुठे गेला हे शोधायचा मी प्रयत्न केला. कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. ते सगळ्या शहराच्या तिजोरीत गेले आणि तिथून शहराच्या गरजेप्रमाणे खर्च झाले. पण त्या पैशाचा आमच्या रस्त्याशी काही संबंधच नव्हता. ज्या जागी घरं वाढली त्या जागेतून उभा राहिलेला पैसा त्याच जागेच्या पाइपलाइनला लागला पाहिजे, आणि माणसं राहायला यायच्या आधी लागला पाहिजे. टीपीकडे मी याच नजरेने पाहिलं, आणि म्हणूनच घरच्यांचा विरोध असताना मी तिच्या बाजूने उभी राहिले.

विरोध साहजिक होता. इरादा जाहीर झाल्याची नोटीस गावात लागली, शिवाराचा हद्दीचा नकाशा भिंतीवर चिकटवला गेला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अर्धी जमीन सरकार फुकट घेणार. आमचे थोरले चुलते, आप्पा, म्हणाले, "त्यापरीस भूसंपादन केलेलं काय वाईट? २०१३ च्या कायद्यानं चौपट तरी मिळत होतं." हा मुद्दा खोटा नाही. ग्रामीण भागात संपादनाचा मोबदला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत गेल्याची उदाहरणं आमच्या तालुक्यातल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहेत.

पण आमच्या जमिनीचंच बघा. विकास आराखड्यातला २४ मीटरचा रस्ता आमच्या गटाच्या मधोमध तिरका जातो. संपादन झालं असतं तर आमचा पट्टा गेला असता आणि हातात दोन त्रिकोणी तुकडे राहिले असते, ज्यांवर धड एक इमारत बसली नसती. शेजारच्या गटाची एक गुंठाही जमीन गेली नसती आणि त्यांना फुकटात २४ मीटरचं फ्रंटेज मिळालं असतं. टीपीत रस्ता कुणाच्या शेतातून जातो याला महत्त्व उरत नाही. हद्दीतली सगळी जमीन एकत्र धरतात, सगळ्यांकडून सारख्याच प्रमाणात क्षेत्र घेतात, आणि उरलेली जमीन चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या भूखंडांच्या रूपाने ज्याची त्याला परत करतात. आप्पांना हे पटायला वेळ लागला. पटलं तेही शेजाऱ्यालाही अर्धी द्यावी लागणार हे नकाशावर पाहिल्यावर.

ही काही नवी कल्पना नाही. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ साली आला. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले भागातले कितीतरी रस्ते अशाच योजनांतून आखले गेले, आणि तिथल्या पत्त्यांत अजून 'टीपीएस' येतं. पुण्यात शिवाजीनगर-एरंडवण्यात ज्यांचं घर आहे त्यांच्या कागदावर 'फायनल प्लॉट नंबर' असतो, तो तिथल्या जुन्या टीपी योजनेतून आलेला. म्हणजे आज ज्या भागांत झाडीचे सरळ रस्ते आहेत म्हणून आपण कौतुक करतो, तिथल्या शेतकऱ्यांनीही कधीकाळी हेच केलं होतं. पुढे आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा आला, टीपीची सगळी प्रकरणं त्यात आली, आणि तरीही बऱ्याच शहरांनी हे हत्यार म्यान करून ठेवलं. गुजरातने ते वापरत ठेवलं. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड बराचसा टीपी योजनांतून मिळालेल्या जमिनीवर उभा आहे.

नियमाप्रमाणे मसुदा करायच्या आधी जमीनमालकांची सभा घ्यावी लागते. आमची सभा देवळाच्या सभामंडपात झाली. पडद्यावर १०० चा आकडा आला आणि त्याचे भाग पाडून दाखवले. साधारण १५ टक्के रस्त्यांना, ५ टक्के बागा आणि मैदानांना, ५ टक्के शाळा-दवाखाना-अग्निशमन यांना, १० टक्के दुर्बल घटकांच्या घरांना, आणि १५ टक्के भूखंड योजना राबवणाऱ्या प्राधिकरणाने विकायचे, त्यातून योजनेचा खर्च भागवायचा. उरलेले ५० टक्के मालकांचे. मूळ क्षेत्रावर जेवढं बांधकाम करता आलं असतं तेवढं या निम्म्या भूखंडावर करता येईल, असं आमच्या योजनेत होतं.

दोन गोष्टींवर सभा पेटली. दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांवर मागून कुणीतरी ओरडलं, "वस्ती बसवताय का आमच्या दारात?" मला ते फार लागलं. आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बायका दोन रिक्षा बदलून येतात. वॉचमन पार्किंगमधल्या पत्र्याच्या खोलीत राहतो. २२ मजले बांधायचे आणि ते झाडणाऱ्या माणसाला त्या गावात घर नको, हे मला कधीच मान्य होणार नाही. मी उठून तेवढं बोलले. काही जण नाराज झाले, ते अजून आहेत.

दुसरा वाद विक्रीच्या १५ टक्क्यांवर. "आमची जमीन विकून तुम्ही पैसे करणार?" असं चारी बाजूंनी सुरू झालं. अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं की रस्ता, गटार, पथदिवे, पाण्याची टाकी यांना लागणारा पैसा कुठून तरी यायलाच हवा, आणि हे भूखंड म्हणजे योजनेच्या स्वतःच्या गाठीचा पैसा. तेव्हा आमच्या काकू, ज्या एरवी चारचौघांत तोंड उघडत नाहीत, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, ह्या जमिनीचा पैसा ह्याच शिवारात खर्च होईल, हे कुठं लिहिलंय?" सभेतला सगळ्यात नेमका प्रश्न तो होता. उत्तर आलं की योजनेच्या कागदपत्रांत जमाखर्चाचा तक्ता असतो. काकूंनी विचारलं होतं खात्याबद्दल, तक्त्याबद्दल नाही. तो प्रश्न आम्ही लेखी करून ठेवला.

मग मोजणी. टीपीत सगळ्यात जास्त माणसं इथे दुखावतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सातबाऱ्यावर आमचं क्षेत्र ८२ आर. प्रत्यक्ष मोजणीत ते ७९ च्या आसपास भरलं. तीन आर गेले कुठे? थोडे ओढ्याने खाल्ले, थोडे पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेल्या बांधात गेले. अर्धी जमीन परत मिळणार असेल तर कशाच्या अर्धी, सातबाऱ्याच्या की मोजणीच्या, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहिला. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यांना बरोबर घ्या, बांधाच्या खुणा दाखवा, आणि मोजणीचा नकाशा हातात पडला की मुदतीत हरकत घ्या. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडं, राहतं घर यांची नोंद जागेवर करून घ्या. आमची विहीर पहिल्या यादीत नव्हतीच. दादाने हरकत दिली तेव्हा ती आली.

वारसनोंदीचं त्याहून गंभीर. आमच्या शिवारात कितीतरी सातबाऱ्यांवर वारलेल्या माणसांची नावं तशीच होती. अंतिम भूखंड, म्हणजे योजनेतून परत मिळणारा भूखंड, ज्यांची नावं रेकॉर्डला आहेत त्यांना मिळतो. योजना जाहीर होताच घाईघाईने फेरफार सुरू झाले आणि त्यासोबत बहिणींना तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेणंही सुरू झालं. माझ्या एका मैत्रिणीला भावाने "नुसती सही आहे, टीपीसाठी लागते" असं सांगितलं. टीपीसाठी हक्कसोडपत्र लागत नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे, आणि तो टीपीतही तेवढाच राहतो. आमचा दादा या बाबतीत सरळ. त्याने तिघांचा हिस्सा कागदावर वेगळा दाखवला आणि तीन शेजारशेजारचे अंतिम भूखंड मागितले. वाटप आधी झालेलं असेल तर असं मागता येतं. सामाईक नावाने एकच मोठा भूखंड आला की पुढे भावकीत कोर्टबाजी ठरलेली.

मसुद्याचा नकाशा आला तो दिवस गावात लग्नासारखा होता. मूळ भूखंडांच्या वाकड्यातिकड्या रेषा एका रंगात, त्यांवर नव्या भूखंडांचे चौकोन दुसऱ्या रंगात. जो तो बोट फिरवत आपला गट शोधत होता. आमचे भूखंड जुन्या गटावरच बसले होते, रस्त्याच्या कडेला. बऱ्याच जणांचे तसेच होते. काहींचे दोन-तीन गट पलीकडे सरकले होते, आणि ज्या मातीत आपण राबलो तिच्यावर आता दुसऱ्याचं नाव लागणार, याचं दुःख मोबदल्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. आप्पांचा मळा असाच सरकला. त्यांनी हरकत दिली, त्यांचं राहतं घर तरी त्यांच्या भूखंडात यावं म्हणून. ती मान्य झाली.

माझी हरकत ओढ्याची होती. नकाशात ओढा एका सरळ रेषेत आखला होता, रस्त्याला समांतर, दोन्ही काठांना अगदी लागून भूखंड. त्याने भूखंडांचे आकार छान आले होते यात शंका नाही. पण आमचा ओढा पावसाळ्यात किती पसरतो हे आम्ही लहानपणापासून पाहिलंय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, माणसं वाहून गेली, ते सगळ्यांनी पाहिलंय. मसुदा राजपत्रात आल्यापासून ३० दिवसांत हरकती द्यायच्या असतात. आम्ही काठच्या मालकांनी मिळून एक अर्ज केला. पूर कुठवर येतो ती खूण गावातल्या जुन्या माणसांकडून जागेवर दाखवून घेतली, फोटो जोडले, आणि मागणी केली की बागेसाठीची ५ टक्के जमीन गावभर तुकड्या-तुकड्यांनी ठेवण्याऐवजी तिचा मोठा भाग ओढ्याच्या काठाने ठेवा. पाणी आलं तर ते मैदानात पसरेल, कुणाच्या तळमजल्यात नाही. ही मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली. वळणं सगळी राहिली नाहीत, पण काठाची मोकळी पट्टी राहिली. या सगळ्या प्रक्रियेत मला मनापासून समाधान देणारी गोष्ट हीच.

आता पैशाचा हिशेब. टीपीत 'नमुना १' नावाचा तक्ता असतो. आडवा, लांबलचक, रकानेच रकाने. गावात तो बहुतेकांनी दुमडून ठेवून दिला. पण सगळा न्याय-अन्याय त्याच तक्त्यात आहे, म्हणून मी एका रविवारी ओसरीवर बसून घरोघरीच्या ओळी वाचून दाखवल्या. सोपे आकडे घेऊन इथेही सांगते.

समजा तुमची मूळ जमीन ४० गुंठे, आणि इरादा जाहीर झाला त्या तारखेला तिचा भाव गुंठ्याला ५ लाख. किंमत २ कोटी. परत मिळाला २० गुंठ्यांचा अंतिम भूखंड. कुठलीही सुधारणा न धरता त्याची किंमत १ कोटी. फरक १ कोटी, ही तुमची भरपाई. आता रस्ता, पाणी, गटार झालं असं धरून त्याच भूखंडाचा भाव लावायचा, तोही त्याच तारखेचा. समजा गुंठ्याला १२ लाख. किंमत २ कोटी ४० लाख. म्हणजे योजनेमुळे वाढ झाली १ कोटी ४० लाखांची. या वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान, म्हणजे योजनेच्या खर्चातला वाटा, मालकाकडून घेता येतं. निम्मे ७० लाख. भरपाई १ कोटी, त्यातून ७० लाख वजा, तुम्हाला ३० लाख मिळणार. पण लवादाने सुधारित भाव १२ ऐवजी १८ लाख धरला, तर वाढ २ कोटी ६० लाख, निम्मे १ कोटी ३० लाख, आणि आता तुम्हीच ३० लाख द्यायचे.

एका रकान्यातल्या आकड्याने घेणेकरी देणेकरी होतो. म्हणून सुधारित किमतीचा रकाना नीट बघा. तो कोपऱ्यावरच्या भूखंडाला वेगळा, आतल्या रस्त्यावरच्याला वेगळा असायला हवा. आमच्या तक्त्यात ३६ मीटर रस्त्यावरचे आणि १२ मीटर रस्त्यावरचे काही भूखंड एकाच भावात बसवले होते. ते दाखवल्यावर दुरुस्त झालं. तरी हिशेब पुरा केला तर वरच्या दुसऱ्या उदाहरणातही मालक तोट्यात नाही. २ कोटींच्या जमिनीच्या जागी ३ कोटी ६० लाखांचा भूखंड, त्यातून ३० लाख द्यायचे. ही वाढ त्याच्या घामातून झालेली नाही, रस्त्यामुळे झाली. रस्त्याचे पैसे त्यातून जावेत हे मला न्याय्य वाटतं, आणि ओसरीवर बसलेल्या बहुतेकांनाही ते पटलं. लोकांना जमीन देण्याचा राग नसतो. हिशेब न दाखवता नेण्याचा राग असतो.

या हिशेबात एक काटा आहे, तो फारसा कुणी बोलून दाखवत नाही. दोन्ही किमती इरादा जाहीर झाल्याच्या तारखेच्या. योजना लांबली तर पुढची सगळी भाववाढ मालकाची. पण डांबर, खडी, पाइप, मजुरी यांचे दर थांबत नाहीत. अंशदान जुन्या तारखेच्या भावाने येणार आणि रस्ता नव्या दराने बांधायचा. प्रत्येक वर्षाच्या उशिराने योजनेच्या गाठीचा पैसा आकसत जातो आणि मग वरच्या निधीकडे तोंड करून बसावं लागतं. आमच्याकडे उशीर झाला. मंजुऱ्यांच्या टप्प्यांत फायली अडकल्या, मधे अधिकारी बदलले, प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून समजून घ्यायला वेळ लागला. कायद्याने घालून दिलेल्या मुदती वाढवून मिळतात, आणि त्या वाढवल्या की त्यांचा खर्च कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

दुसरा काटा म्हणजे पैसा येतो शेवटी आणि लागतो सुरुवातीला. विक्रीचे भूखंड रस्ता नसताना विकले तर मातीमोल जातात, आणि ते विकल्याशिवाय रस्त्याला पैसा नाही. आमच्या प्राधिकरणाने पहिल्या टप्प्यासाठी आपल्या निधीतून पैसे घातले आणि मालकांकडे मुख्य रस्त्याच्या जागेचा आगाऊ ताबा मागितला. गावात पुन्हा बैठका. आम्ही ताबा द्यायला तयार झालो, पण एका अटीवर, आणि ती अट मी स्वतः लिहिली: आधी ड्रेनेज, मग पावसाळी गटार, मग पाण्याची लाइन, मग केबलचे डक्ट, आणि हे सगळं भरून दाबून झाल्यावरच खडी आणि डांबर. आमच्या फ्लॅटसमोरचा रस्ता डांबर झाल्यावर एवढ्या वेळा उकरलाय की त्याला रस्ता म्हणवत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला, तेव्हा सांडपाण्याची व्यवस्था मागाहून करू हे म्हणणं किती महागात पडतं ते पुणेकरांनी पाहिलं.

अट पाळली गेली. पहिला चर खणला तेव्हा दादाने मला बोलावून घेतलं. दोन पुरुष खोल चर, तळाला काँक्रीटची गादी, त्यावर सिमेंटचे मोठे पाइप क्रेनने उतरवत होते आणि एक पोरगा लेव्हल मशीनला डोळा लावून हात वरखाली करत होता. उतार मिलिमीटरमध्ये धरतात, नाहीतर घाण तुंबते. दर ३० मीटरला चेंबर. आमच्या भूखंडांसमोर घराच्या जोडणीसाठी तोंड काढून ठेवलंय की नाही ते दादाने चरात उतरून तपासलं. तुम्हीही तपासा. नंतर रस्ता फोडायची परवानगी आणि खर्च दोन्ही तुमच्यावर येतात.

पाण्याचं मात्र अजून सुटलेलं नाही, आणि टीपीची खरी मर्यादा इथेच आहे. योजनेतून पाइप येतो, टाकी येते. त्यात येणारं पाणी योजनेतून येत नाही. शहरी भागात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. आमच्या हद्दीत पुढे १० हजार घरं झाली आणि घरात ५ माणसं धरली, तर रोजचे ६७ लाख ५० हजार लिटर लागतील. १० हजार लिटरच्या टँकरने म्हणाल तर ६७५ टँकर, रोज. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चारही धरणं काठोकाठ भरली तरी साठा २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्याच पाण्यावर कालव्याने दौंड-इंदापूरची शेतीही आहे. आमच्या नव्या वसाहतीसाठी जे पाणी लागेल ते कुणाच्या तरी उसाचं नाहीतर कुणाच्या तरी नळाचं. त्यामुळे पाण्याचा कोटा जलसंपदा विभागाकडून मंजूर होईपर्यंत मोठ्या प्रकल्पांना परवानगी देऊ नये, अशी आमची लेखी मागणी आहे. गावातल्या काही जणांना ती आवडलेली नाही, कारण बिल्डर दारात उभे आहेत आणि भाव चांगला देतायत. मला त्यांची घाई कळते. पोरांची शिक्षणं आहेत, कर्जं आहेत. पण इमारती आधी आणि पाणी मागून, या क्रमाने जे होतं त्याचं बिल मी दर महिन्याला भरते, आणि आमच्या भूखंडांवर राहायला येणाऱ्या माणसांकडून ते वसूल व्हावं असं मला वाटत नाही. दादा आणि बहीणही याच मताचे आहेत. नळाला पाणी सुरू होईपर्यंत आम्ही तिघांनी बिल्डरबरोबरच्या विकसन करारावर सही करायची नाही असं ठरवलंय.

सध्या लवादापुढे सुनावण्या चालू आहेत. लवाद प्रत्येक मालकाला नोटीस देऊन स्वतंत्र ऐकून घेतो. भूखंडाचा आकार, क्षेत्र, किंमत, भरपाई, अंशदान सगळं तिथे ठरतं. जाताना मोजणीचा नकाशा, ताजा सातबारा, फेरफार, आणि परिसरातल्या खरेदीखतांच्या नकला घेऊन जा. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही. आमच्या तीन भूखंडांचा आकडा अजून अंतिम व्हायचाय, पण विहिरीची भरपाई धरली गेली आहे आणि सुधारित भाव आतल्या रस्त्याप्रमाणे कमी लागलाय.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळालंय. योजनेचा जमाखर्च स्वतंत्र खात्यात ठेवू असं प्राधिकरणाने लेखी कळवलंय. त्या खात्याचा हिशेब दरवर्षी मालकांच्या सभेत वाचून दाखवावा, विक्रीचा भूखंड कितीला गेला आणि त्यातून कुठला रस्ता झाला ते नावानिशी सांगावं, या दुसऱ्या अर्ध्यावर अजून उत्तर नाही. त्या अर्जावर आता भूखंडनिहाय सह्या घेतोय. आप्पांनी पहिली केली. पुढच्या सुनावणीला अर्ज दादा घेऊन जाणार आहे, आणि बरोबर काकू जाणार आहेत.